एका चार्जिंगवर दहा दिवस

जुन्या जालन्यात टोपी-टॉवेलची दुकानं चिक्कार आहेत, पण रस्त्याच्या पलीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाचं नुसतं डोकं बघून टोपीचा नंबर सांगणारे नथमलजी एकच. लग्नाच्या आहेराचा माल, म्हणजे टोप्या, टॉवेल, उपरणी, ब्लाउजपीस, एवढंच त्यांच्या दुकानात मिळतं. खेड्यावरचा कुणी वरबाप पायरी चढतो न चढतो तोच गादीवरून आवाज येणार, "साडेबावीस. आधी पाणी घ्या." माणूस टोपी घालून बघतो, ती बराबर बसते, आणि मग तो नथमलजींकडे असा बघतो, जणू त्यांनी त्याची पत्रिकाच वाचून दाखवली.

पणजोबा राजस्थानातून निजामाच्या राज्यात आले, तेव्हापासून घर इथलंच. राजस्थान नथमलजींना माहीत आहे ते तिथल्या लग्नांतल्या जेवणापुरतं. मराठी जालन्याची, घरात मारवाडी, आणि भाव सांगताना हिंदी. पण कुठल्याही भाषेत त्यांच्या तोंडून 'जवळपास' हा शब्द अजून कुणी ऐकलेला नाही. पाच मिनिटांत येतो म्हणाले की येणारच, आणि चार मिनिटांत पोचले तर एक मिनिट कोपऱ्यावर उभे राहतील. असा माणूस नवरा म्हणून किती अवघड जातो ते संतोषबाईंना विचारा. त्या मात्र सांगत नाहीत, नुसत्या हसतात.

जैन घरांत चातुर्मासात काहीतरी नियम घ्यायची रीत आहे. कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी चपला, कुणी वाहन. बावीस वर्षांपूर्वी नथमलजींनी महासतीजींसमोर, म्हणजे जैन साध्वींसमोर, हात जोडून नियम घेतला, की चातुर्मासाचे चार महिने सायकल सोडून दुसऱ्या कुठल्याही वाहनात पाय ठेवणार नाही. असा नियम घेताना थोडी छूटही ठेवायची असते, कारण माणसाच्या शरीराचा काय भरवसा. नथमलजींनीही ठेवली होती. ती तुम्ही लक्षात ठेवा, कारण ते स्वतः विसरले होते.

तेव्हा मित्रांनी चेष्टा केली. "शेठ, स्कूटर तुमच्याकडं होती कुठं सोडायला?" पुढच्याच श्रावणात बदनापूरला मेव्हण्याच्या घरी बारसं निघालं. हे सकाळी काळ्या सायकलवर टांग मारून निघाले, वीस किलोमीटर गेले, बाळाच्या हातावर पाकीट ठेवलं, एक पेढा खाल्ला आणि वीस किलोमीटर परत आले. त्यानंतर चेष्टा बंद झाली.

यंदा मात्र दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे महासतीजींचा चातुर्मासातला मुक्काम नदीपलीकडे, नव्या जालन्यातल्या एका भवनात ठरला. रोज सकाळी व्याख्यानाला जायचं तर कुंडलिकेचा पूल आणि पुढचा चढ आला. दुसरी गोष्ट उजवा गुडघा. ही गोष्ट झाली आहे हे नथमलजींना मान्यच नव्हतं. त्यांच्या मते गुडघा 'जरा बसला' होता, आणि बसलेली गोष्ट उठतेच.

पण घरात सून होती. रुचि शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिचं लक्ष सगळीकडे असतं. सासरे चढावर सायकलवरून उतरतात, आणि कुणी ओळखीचं दिसलं की चेन बघितल्यासारखं करतात, हे तिनं रिक्षातून जाताना दोनदा पाहिलं. चातुर्मास बसायला आठवडा असताना घरी एक मोठं खोकं आलं. आत मोटार बसवलेलं सायकलचं पुढचं चाक, एक बॅटरी आणि वायरींचा गुंता.

"पप्पाजी, तुमच्याच सायकलला बसेल. पेट्रोल नाही, धूर नाही."

"बेटा, मोटारीची झाली की ती सायकल कसली? माझा नियम आहे."

रुचिची तयारी पक्की होती. "मोटार अडीचशे वॅटच्या आतली आहे. स्पीड पंचवीसच्या आत. हिला लायसन लागत नाही, नंबर प्लेट लागत नाही. सरकारच्या दृष्टीनं ही सायकलच."

नथमलजींना 'नियम मी सरकारसमोर घेतला नव्हता' असं म्हणायचं होतं. पण पोरीनं स्वतःच्या पगारातून, न विचारता, प्रेमानं आणलेलं. शिवाय, खरं सांगायचं तर, चढ त्यांना स्वप्नातही दिसायला लागला होता. ते "बघू" म्हणाले. नथमलजी 'बघू' म्हणाले हीच गल्लीत बातमी झाली असती.

दुकानापासून तिसरा गाळा मच्छिंद्रचा. मूळचा हसनाबादचा, शेतीतल्या पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग नव्यानं भरून देतो. पावसाळ्यात शेतकऱ्याची मोटार विहिरीत निवांत असते आणि चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणजे मच्छिंद्र आणि नथमलजी दोघंही रिकामे. खोकं बघून मच्छिंद्रचे हात शिवशिवले. आतून माहितीचा कागद निघाला, तो त्यानं घडी करून डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घातला.

"अरे, वाच तरी," नथमलजी म्हणाले.

"शेठ, साडेसात एचपीची मोटार पाण्यातून काढून, भरून परत सोडतो मी. ही तर तिची नातसुद्धा न्हाई."

बसवायच्या आधी नथमलजींनी सगळं सामान शेजारच्या धान्याच्या आडतीत काट्यावर ठेवून बघितलं. त्यात बॅटरी ठेवायला मच्छिंद्रनं वेल्डरकडून करून आणलेली लोखंडी पेटीही होती. जालन्यात लोखंडाला काय तोटा. पेटी अशी झाली होती की चोरानं न्यायची म्हटली तर त्याला क्रेन बोलवावी लागेल. एकूण भरलं चौदा किलो सातशे.

दुपारपर्यंत सायकल तयार झाली. पहिला मान अर्थातच मच्छिंद्रचा. तो ऐटीत बसला, "बघा आता" म्हणाला आणि मूठ पिळली. सायकल जी मागं निघाली ती त्याला घेऊन थेट समोरच्या चहाच्या बाकड्यावर टेकली. बाकड्यावरच्या दोघांनी कप वर उचलले, चहा सांडू दिला नाही.

"उलटी फिरून राह्यली, एवढंच," मच्छिंद्र शांतपणे म्हणाला. "पाण्याची मोटार उलटी फिरली तर काय करतेत? दोन वायरी बदलतेत. झाली सुलटी."

त्यानं दोन वायरी बदलल्या. आता चाक मागंही जाईना आणि पुढंही जाईना, थंडीतापाच्या माणसासारखं जागच्या जागी थरथरायला लागलं. मच्छिंद्रनं दुसऱ्या दोन बदलल्या. चाक गुरगुरलं. शाळेतून घरी निघालेली रुचि तेवढ्यात आली. तिनं स्टूल तिरकं करून कागद काढला, वाचला आणि चाकाशी वाकली.

"मच्छिंद्रभाऊ, चाकावर बाण आहे. बाण पुढं पाहिजे. वायरी होत्या तशा ठीक होत्या, चाकच उलटं बसलंय."

मच्छिंद्रनं वाकून बाणावरून बोट फिरवलं. "बाण लई बारीक काढला त्यांनी," शेवटी तो म्हणाला.

चाक सुलटं झालं, वायरी जागच्या जागी गेल्या आणि सायकल पळाली. पण बाकड्यावरच्या दोघांनी ही गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगितली होती. "मच्छिंद्र, तुझ्या मोटारी पाणी वर आणतेत का खाली सोडतेत रे?" असं लोक जाता-येता विचारायला लागले. मच्छिंद्र हसायचा, पण त्याला ते लागलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी नथमलजी पांढरा कुर्ता-पायजमा घालून निघाले. पुलापर्यंत पायानं आले. पुलाच्या तोंडाशी उजवा हात मुठीवर गेला, खटका चालू करायला अंगठा उचलला, आणि अंगठा तिथंच थांबला. बावीस वर्षं. बदनापूरचा पेढा. सरकार काहीही म्हणो, महासतीजींसमोर हात जोडले तेव्हा सायकल म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं, आणि हे ते नव्हतं. त्यांनी अंगठा खाली घेतला आणि पायडलवर जोर दिला.

आता गंमत बघा. पूर्वी चढावर फक्त सायकल ओढायची होती. आता सायकल, वर चौदा किलो सातशे. आणि उतरून हातात धरायची सोय गेली, कारण रस्त्यावरचे लोक कौतुकानं बघत होते. "वा शेठ! इलेक्ट्रिक!" कुणीतरी हात हलवला. नथमलजींनी दात आवळून हात हलवला. भवनात पोचले तेव्हा कुर्ता पाठीला चिकटला होता आणि गुडघ्यात कुणी पाचर ठोकत होतं. महासतीजी पहिल्या दिवशी कशावर बोलल्या ते त्यांना आजही सांगता येत नाही.

दुकानाशी परत आले तर मच्छिंद्र वाटच बघत होता. "शेठ, कशी चालून राह्यली?"

"बढिया," नथमलजी म्हणाले. बढिया चाललीच होती की. चालवणाऱ्याचं कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मच्छिंद्रनं बॅटरी किती उरली ते दाखवणारे मुठीवरचे तीन दिवे बघितले. तिन्ही लागलेले. "चार्ज केली का काल?"

"गरज पडली नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण मच्छिंद्रच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते बघून नथमलजींनी नजर सायकलच्या घंटीकडे वळवली. मच्छिंद्रनं खडू घेतला आणि गाळ्याच्या दाराशी, जिथं तो भरायला आलेल्या मोटारींची नावं लिहितो, तिथं तीन रेघा मारल्या.

मग रोज एक रेघ. पाचव्या दिवशी चहाच्या बाकड्यावरचे दोघं उठून दिवे बघून गेले. सातव्या दिवशी मच्छिंद्र सांगत होता, "कंपनीवाले सांगतेत पंचवीस किलोमीटर. आमच्या फिटिंगवर सात दिवस झाले, बॅटरी हललीबी न्हाई. कनेक्शन असं टाइट केलं ना, करंट बाहेर जायला जागाच न्हाई." आता कुणी त्याला बाणाचं विचारत नव्हतं. नथमलजी गादीवर बसून टॉवेलांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत होते. सांगावं तर नियमाची बढाई मारल्यासारखं होईल, रुचिचं मन मोडेल, मच्छिंद्रचं तोंड पडेल. आणि त्याहून वाईट म्हणजे लोक विचारतील, मग शेठ, एवढी मोटार बसवली होती ती कशासाठी? तिथं गुडघ्याचं नाव घ्यावं लागलं असतं.

दहाव्या दिवशी दैवशालाबाई आल्या. माहेर आष्टीचं, सासर जालन्यातलं. एमआयडीसीतल्या कामगारांना रोज अठ्ठावीस जेवणाचे डबे सायकलवर पोचवतात. त्यांनी मच्छिंद्रच्या दहा रेघा मोजल्या, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ नथमलजींच्या पायरीवर येऊन बसल्या.

"शेठ, मच्छिंद्रभाऊ काय, मोटार भरली तरी विमान केल्यासारखं सांगतेत. तुम्ही सांगा. आमच्याकडं लाइटीचा काही नेम न्हाई. दहा दिवस चार्ज न करता खरंच चालती का? चालत असंल तर मी आजच मागवते. गल्लीत म्हणले, नथमलशेठला विचार, ते खोटं बोलायचे न्हाईत."

समोर मच्छिंद्र दारात उभा राहून ऐकत होता, हातात खडू, छाती पुढं.

नथमलजींनी तोंड उघडलं. 'बढिया' आतून वर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "बाई, आज मागवू नका. उद्या सकाळी मी व्याख्यानाहून आलो की या. सांगतो."

दुपारी ते घरी जेवायला बसले. संतोषबाईंनी दुसरी पोळी वाढली आणि ताटासमोर बसल्या. मग नथमलजींनी सगळं सांगितलं. पूल, अंगठा, चौदा किलो सातशे, दहा रेघा.

संतोषबाई ऐकता ऐकता हसायला लागल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "अहो, मी त्या दिवशी तुमच्या शेजारीच हात जोडून उभी होते. महासतीजींनी विचारलं, छूट काय ठेवता? तुम्ही म्हणालात, शरीराला कारण पडलं तर छूट."

नथमलजींचा घास थांबला. "ते तापाबिपासाठी म्हटलं होतं."

"मग गुडघा शरीरात येत नाही का? भाड्यानं आणलाय?"

"पण गुडघ्याला झालंय काय? जरा बसलाय."

"बसलाय तो गुडघा नाही, तुम्ही बसताय. जिन्याची प्रत्येक पायरी बसून चढता. महिनाभर मला वाटत होतं, वर कुणी कापडाचं गाठोडं ओढतंय."

नथमलजींनी पोळी खाली ठेवली. बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्याच तोंडानं त्यांनी एक दार उघडं ठेवलं होतं. त्यातून जायला काही लागत नव्हतं, फक्त 'माझं दुखतंय' एवढं म्हणायचं होतं. बदनापूरचे चाळीस किलोमीटर सोपे होते.

"रुचिला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"तिनं ते चाक काय शोभेला आणलं?"

दुसऱ्या दिवशी व्याख्यान संपल्यावर ते महासतीजींसमोर बसले आणि दहा दिवस खरं झाकल्याचं सांगितलं. महासतीजींनी प्रायश्चित्त म्हणून एक आयंबिल सांगितलं, म्हणजे दिवसातून एकदाच, तूप-तेल-मिरची काही नसलेलं जेवण. नथमलजींना वाटलं, स्वस्तात सुटलो. महागाचं काम अजून गल्लीत उभं होतं.

ते परत आले तेव्हा दैवशालाबाई पायरीवर होत्या, मच्छिंद्र अकरावी रेघ मारायला खडू घेऊन उभा होता, आणि बाकड्यावरच्या दोघांनी चहा सांगितला होता.

"रेघ मारू नको," नथमलजी म्हणाले. "आधीच्या दहाही पूस. मी खटका एकदाही दाबला नाही. सायकल पायानं चालवली."

"म्हंजे?"

"म्हणजे मोटार एक मिनिटही चालली नाही. बॅटरी कशानं उतरणार?"

मच्छिंद्रनं भिंतीकडे बघितलं, मग सायकलकडे. "दहा दिवस? त्या पेटीसकट? पूल चढून?"

"हो. माझा नियम होता. तुझी बढाई चालली होती आणि मी गप्प बसलो, ती चूक माझी. तुझं फिटिंग चांगलं आहे का वाईट, हे अजून कुणालाच माहीत नाही, मलाही नाही."

मच्छिंद्रचं तोंड एवढंसं झालं. मग त्यानं हळूच विचारलं, "मंग शेठ, मोटार बसवली काहून?"

हाच तो प्रश्न. नथमलजींनी एकदा बाकड्याकडे बघितलं, एकदा दुकानावरच्या घराच्या गॅलरीकडे. तिथं संतोषबाई कपडे वाळत घालत होत्या. तोच टॉवेल त्या तिसऱ्यांदा झटकत होत्या.

"गुडघा गेलाय माझा," नथमलजी मोठ्यानं म्हणाले. "उजवा. उतरून, सायकल हातात धरून चढ चढतो मी. चेन बघायचं नाटक करतो."

कुणी हसलं नाही. बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "चेनचं आम्हाला माहीत होतं, शेठ." दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. मच्छिंद्रनं ओल्या फडक्यानं दहा रेघा पुसल्या आणि फडकं खांद्यावर टाकून सायकलजवळ आला.

"अन् या गुडघ्यावर तुम्ही माझी पेटी वाहिली," तो म्हणाला. "सांगायचं न्हाई का, शेठ? पत्र्याची केली असती." मग तो दैवशालाबाईंकडे वळला. "बाई, आता मी एक अक्षर बोलत न्हाई. शेठची सायकल इथंच उभी राहणार दुपारपर्यंत. तुम्हीच तुमचे डबे घेऊन जाऊन या. जे दिवे राहतील ते आपले."

दैवशालाबाईंनी पदर खोचला, डब्यांच्या पिशव्या दोन्हीकडे लटकवल्या आणि मूठ पिळली. सायकल पुढं गेली. मच्छिंद्रनं तेवढ्यातही बाकड्यावरच्या दोघांकडे एकदा बघून घेतलं.

दोन वाजता त्या परत आल्या. येऊन-जाऊन चौदा किलोमीटर झाले होते. तीनपैकी दोन दिवे लागलेले. "दिवसाआड लाइट आली तरी भागतंय माझं," त्या म्हणाल्या. "पेटी मातुर लोखंडाची नको." मच्छिंद्रनं भिंतीवर एक रेघ मारली, जरा विचार केला, आणि तिच्यापुढं 'डब्यांसकट' असं लिहिलं.

रुचि शाळेतून आली तेव्हा तिला सगळं कळलेलंच होतं. ती एवढंच म्हणाली, "पप्पाजी, गणितात रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं की मी गुण कापते. तुम्ही दहा दिवस नुसतं उत्तर दाखवत होता."

नथमलजींनी आता स्वतःशी हिशेब पक्का ठरवलाय. छूट कारणापुरती. गुडघा दुखत असेल तर खटका, नसेल तर पाय. 'जवळपास दुखतोय' असं चालणार नाही. पुलाच्या तोंडाशी ते रोज थांबतात, गुडघ्याची चौकशी करतात, आणि उत्तर मिळालं की अंगठा दाबतात. पत्र्याच्या नव्या पेटीनं ओझंही पाच किलोंनी उतरलंय.

परवा मात्र पंचाईत झाली. संतोषबाईंनी आठवडाभर तेल चोळल्यामुळे की काय, गुडघा अजिबात दुखत नव्हता. नथमलजी पुलापाशी थांबले. पाय दोनदा वाकवला, तीनदा झटकला. त्याला पुरेसा वेळ दिला. काही नाही. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. शेवटी खटका बंद ठेवून, चेहरा पाडून, नथमलजींनी पायडल मारायला सुरुवात केली.

पूल संपला, चढ लागला. अर्ध्या चढावर उजव्या गुडघ्यात बारीकशी, पण अगदी खरी कळ आली. इतका आनंद नथमलजींना पहिलं गिऱ्हाईक दुकानात आलं तेव्हाही झाला नव्हता. "दुखलं!" ते मोठ्यानं म्हणाले, आणि अंगठा दाबला.